‘पिऊन होता, सोडून द्या’ असं कायदा म्हणत नाही



आपल्या रेडिओवर आम्ही दारू आणि कायदा या विषयावर बोललो, त्यावर बऱ्याच गटांचे निरोप आले. ‘बैठकीत वाचायला छापून द्या,’ असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून ते बोलणे थोडे वाढवून इथे देत आहोत.

हा विषय आम्ही आपणहून निवडला नव्हता. तो आमच्या गटाच्या बैठकीत उभा राहिला. आमच्यातल्या एका सखीचा नवरा बाजारच्या दिवशी रात्री मोटारसायकलवरून घरी येत होता. रस्त्याकडेला उसाची ट्रॉली उभी होती, मागे दिवा नव्हता, आणि तो थेट तिच्यावर आदळला. जागीच गेला. सखीने अपघाताच्या मदतीसाठी अर्ज केला, कागद जमवले, चार हेलपाटे घातले. शेवटी उत्तर आले की तपासणीत दारू निघाली, अर्ज नामंजूर. बैठकीत ती रडली नाही. तिने सरळ विचारले, ‘दुकान सरकारमान्य, बाटलीवर सरकारचा कर, त्यानं पैसे मोजून घेतली. मग आम्ही हात पसरला तेव्हाच दारू आडवी कशी आली?’

आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता आले नाही. मग आम्ही वकीलताईंना गाठले, कायद्याची पुस्तके चाळली, आणि लक्षात आले की या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करू. इंग्रजांनी १८६० साली भारतीय दंड संहिता केली. तिच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये नशेबद्दल लिहिले होते. कुणी नकळत पाजली किंवा बळजबरीने पाजली, आणि त्या माणसाला आपण काय करतोय हे कळतच नव्हते, तरच त्याला माफी. स्वतःच्या हाताने प्यालेल्या माणसाला नशा ही ढाल होत नाही. शुद्धीवर असता तर त्याला जे कळले असते ते कळत होते, असेच कायदा धरून चालतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यातही कलम २३ आणि २४ मध्ये हेच आले आहे. म्हणजे ‘पिऊन होता, त्याला काय कळतंय, सोडून द्या’ हे वाक्य आपल्याला सासूने, पाटलाने, कधी चौकीतल्या हवालदाराने ऐकवले असेल, कायद्याने मात्र ते कधीच म्हटलेले नाही.

मग कायद्याने काय म्हटले? इथे गंमत आहे. प्रत्येक काळात दारूचा गुन्हा वेगळा होता.

इंग्रजांच्या काळात पहिला प्रश्न होता, कर भरला का? १८७८ साली मुंबई इलाख्यासाठी अबकारी कायदा झाला. त्याआधी डोंगरातले, किनाऱ्यावरचे लोक मोहाची दारू घरी गाळत, ताडी-माडी काढत. सणाला, लग्नाला, देवाला ती लागे. नव्या कायद्याने घरची भट्टी हा गुन्हा ठरला आणि ठेकेदाराचे दुकान कायदेशीर झाले. ताडाच्या झाडावर कर बसला. ठाणे आणि कुलाबा भागासाठी तर १८९२ साली मोहाच्या फुलांचाच कायदा आला. रानात पडलेले फूल गोळा करायलाही बंधन! माणूस प्याला, घरी येऊन बायकोला मारले, धान्य विकले, यात सरकारला गुन्हा दिसत नव्हता. सरकारला न विचारता गाळली, हा गुन्हा होता.

दुकाने वाढली तशी ओरड सुरू झाली. पुण्यात महात्मा जोतीराव फुले तेव्हा नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० साली त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहून दारूच्या वाढत्या दुकानांबद्दल तक्रार केली. पुढे १९०८ साली पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने गुत्त्यांसमोर स्वयंसेवक उभे राहिले. १९२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्त्यांतून एक देवी निघाली. ती अंगात येई आणि बोले. ती डोंगर चढून डांग आणि सुरतेकडे गेली, तोवर तिचा हुकूम झाला होता, दारू सोडा, ताडी सोडा. हजारो आदिवासींनी ती सोडली. ठेकेदारांची दुकाने ओस पडली. कायद्याने जे झाले नाही, ते देवीच्या शब्दाने काही काळ तरी झाले.

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी गांधीजींनी एक काम मुद्दाम बायकांवर सोपवले. दारूच्या दुकानांपुढे आणि परदेशी कापडाच्या दुकानांपुढे निदर्शने करायची. त्यांचे म्हणणे असे की दारूने घर कसे बुडते हे बाईइतके कुणाला कळत नाही. मुंबईत, पुण्यात, गुजरातेत कधी उंबऱ्याबाहेर न पडलेल्या बाया गुत्त्याच्या दारात उभ्या राहिल्या, काही तुरुंगातही गेल्या. दारूच्या प्रश्नात बाई उघडपणे पुढे आली ती अशी.

त्यानंतर कायद्याचा प्रश्न बदलला. आता सरकार विचारू लागले, प्यालास का? १९३७ साली बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले आणि १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी झाली. ती फार टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून सगळ्या मुंबई राज्यात बंदी आली. बनवणे, विकणे, जवळ ठेवणे, पिणे, सगळेच गुन्हा. कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली औषधे आणि अत्तरांसारख्या वस्तूंबाबतची काही कलमे रद्द केली, बाकी कायदा कायम ठेवला.

आणि सख्यांनो, हाच कायदा आजही आपल्या राज्यात लागू आहे. नाव तेवढे बदलून महाराष्ट्र दारूबंदी कायदा झाले आहे. या कायद्याप्रमाणे आजही दारू प्यायला परवाना लागतो. कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. आम्ही हे बैठकीत सांगितले तेव्हा हशा पिकला. एक आजी म्हणाल्या, ‘आमच्या आळीत तर सगळे बिनपरवान्याचेच!’

हसण्यासारखेच आहे ते. पण का झाले तसे? बंदी आली आणि हातभट्टी फोफावली. मुंबईत गल्लोगल्ली चोरून दारू विकणारे अड्डे झाले. पोलिसांचा हप्ता ठरला. साठच्या दशकात परवाने सैल झाले, सत्तरच्या दशकात देशी दारूची सरकारमान्य दुकाने आली. कायद्याचे नाव दारूबंदीचे, आणि तिजोरीत पैसा दारूचा. आमच्या सखीचा अर्धा प्रश्न इथला आहे. एका हाताने परवाना, दुसऱ्या हाताने दंड, हे दोन्ही एकाच सरकारचे हात आहेत आणि ते फार जुने आहेत.

आता रस्त्याकडे येऊ. गाडी आणि दारू यांचे वैर मोटारीच्या आधीपासून आहे. इंग्लंडमध्ये १८७२ च्या कायद्यात लिहिले होते की पिऊन घोडा, गुरे, गाडी किंवा वाफेचे इंजिन रस्त्यावर नेणारा गुन्हेगार. १८९७ साली लंडनमध्ये एका मोटार टॅक्सीवाल्याने दारूच्या नशेत गाडी घराला धडकवली. त्याला दंड झाला. मोटार चालवताना प्यायल्याबद्दल शिक्षा झालेला तो पहिला माणूस म्हणून सांगतात.

आपल्याकडे १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. त्यात गुन्हा असा होता की नशेमुळे गाडीवर ताबा ठेवता येणार नाही इतका चालक प्यालेला असला पाहिजे. पण ‘इतका’ म्हणजे किती? डॉक्टर तोंडाचा वास घेत, सरळ चालायला लावत, डोळ्यांच्या बाहुल्या बघत. तेवढ्यावर खटला उभा राही आणि वकील तो पाडत. मुंबईच्या एका अपघाताच्या खटल्यात १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुसता वास, झोकांड्या, बरळणे यावरून माणूस प्याला होता असे पक्के म्हणता येत नाही, रक्त तपासायला हवे होते. आरोपी त्या आरोपातून सुटला.

हा निकाल आपण लक्षात ठेवायचा. ‘अख्ख्या गावाने बघितलं, तो पिऊन होता’ हे आपल्याला पुरेसे वाटते, न्यायालयाला तपासणीचा कागद लागतो. कागद वेळेत झाला नाही तर रक्तातली दारू तासागणिक उतरते आणि पुरावाही तिच्याबरोबर उतरतो.

म्हणून रस्त्यावरच्या कायद्याचा प्रश्न पुन्हा बदलला. आता तो विचारतो, रक्तात किती? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये आधी ‘कितीही थोडी’ असे होते. १९९४ च्या दुरुस्तीने माप ठरले. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू असली की गुन्हा. १०० मिलिलिटर म्हणजे साधारण अर्धा कप, आणि ३० मिलिग्रॅम म्हणजे चिमटीतले मिठाचे थोडे दाणे. गाडी नीट चालवत होता की वाकडी, हे बघायचे कारणच उरले नाही. आणि ‘मी एवढीच घेतो, मला चढत नाही’ हे तर बिलकूल चालत नाही, कारण तीच दारू एकाच्या रक्तात कमी दिसते, दुसऱ्याच्या जास्त.

२०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा वाढली. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हे प्रकरण न्यायालयात जाते. न्यायालय गाडी चालवण्याचा परवानाही काढून घेऊ शकते. मोटारसायकल, ट्रॅक्टर, टेम्पो, सगळ्या मोटार वाहनांना हे लागू आहे. फुंकायला नकार दिला म्हणून सुटका होत नाही. पोलीस त्याला पकडू शकतात आणि तो नकार त्याच्या विरुद्ध धरला जातो. उलट बाजूने, अटक केल्यावर दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्याला सोडावे लागते. म्हणजे ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर जागेवर असणे हा आपल्याकडे न्यायाचाही प्रश्न आहे.

आणखी एक, जे आम्हाला कुणालाच माहीत नव्हते. प्यालेल्या माणसाला ‘चल, तूच चालव’ म्हणून जो उद्युक्त करतो, तोही कलम १८८ खाली तेवढ्याच शिक्षेस पात्र असतो. वऱ्हाडाचा टेम्पो रात्री काढायला लावणाऱ्यांनी हे ऐकावे.

कुणाचा जीव गेला तर कायदा अजून पुढे जातो. २००६ च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पहाटे एक मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात जण गेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात दारू सापडली. खालच्या न्यायालयाने निष्काळजीपणा धरून सहा महिने दिले. लोक संतापले. उच्च न्यायालयाने तो सदोष मनुष्यवध मानला आणि तीन वर्षे केली. २०१२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम ठेवली. पिऊन भरधाव गाडी हाकणाऱ्याला कुणाचा तरी जीव जाईल हे कळत असते, असा त्याचा अर्थ. १८९२ साली मोहाचे फूल वेचणारीला पकडणारा कायदा इथवर यायला किती माणसे जावी लागली!

तरी शिक्षा तीनच वर्षांची झाली, हेही खरे. आणि पैसेवाला असला की काय होते, याची चर्चा २०२४ च्या मे महिन्यात पुण्याच्या अपघातानंतर घरोघरी झाली. दोन तरुण इंजिनिअर गेले, आणि अल्पवयीन आरोपीला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट घातली गेली. ती सगळ्यांना आठवत असेल. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली. निकाल न्यायालय देईल. आपण एवढेच घ्यायचे की सगळा कायदा रक्ताच्या त्या एका बाटलीवर उभा आहे.

आता पुन्हा आमच्या सखीकडे. विम्याच्या आणि सरकारी मदतीच्या अटींत नशेत झालेला अपघात वगळलेला असतो. शेतकऱ्यांच्या अपघात अनुदान योजनेतही तसेच आहे. शिक्षा मेलेल्याला देता येत नाही, ती त्याच्या मागे राहिलेलीला होते. हे न्याय्य आहे का, यावर आमच्या बैठकीत भांडण झाले. काही म्हणाल्या, मदत दिली तर पिणाऱ्याला रान मोकळे. काही म्हणाल्या, पोरांनी काय पाप केले? आमचे एकमत झाले नाही, आणि ते झाले असे खोटे सांगणार नाही. पण एक फरक सगळ्यांनी समजून घ्यावा. प्यालेला चालक दुसरा असेल आणि माणूस आपला गेला असेल, तर भरपाईचा हक्क बुडत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा, तोही सहा महिन्यांच्या आत. कंपनी ‘चालक प्याला होता’ म्हणाली तरी न्यायालये बहुधा आधी भरपाई द्यायला लावतात आणि कंपनीला ती गाडीमालकाकडून वसूल करू देतात.

दुकानाचे काय? यात मात्र बायांनी इतिहास घडवला आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास शहाद्याच्या आदिवासी बाया गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडत होत्या. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीमुळे १९९३ साली जिल्ह्यात बंदी आली. चंद्रपूरच्या बाया २०१० साली चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळावर पायी गेल्या, २०१५ साली तिथे बंदी झाली आणि २०२१ साली ती उठली. मिळवलेले राखावेही लागते, हे चंद्रपूरने शिकवले.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये रस्त्यावरच्या अपघातांकडे बघूनच हुकूम दिला की महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूचे दुकान नको. पुढे २०,००० पर्यंत लोकवस्तीच्या ठिकाणी ते अंतर २२० मीटर झाले, मग आणखी सवलती मिळाल्या आणि बरीच दुकाने पुन्हा उघडली.

आपल्या हातात आहे ती बाटलीची निवडणूक. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज दिला की सह्या पडताळून गुप्त मतदान घेतात. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. पण मेख इथे आहे. आलेल्या मतांच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी घरी राहिली, जी माहेरी गेली, जी ऊसतोडीला गेली, तिचे मत आपोआप उभ्या बाटलीकडे जाते. म्हणून तारीख ठरताना ऊसतोडीचा हंगाम बघा.

आणि गावात पिऊन धिंगाणा घालणाऱ्यासाठी? १८६० पासून दंड होता दहा रुपये! दीडशेहून जास्त वर्षे तेवढाच राहिला. आता न्याय संहितेच्या कलम ३५५ खाली २४ तासांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवेची शिक्षा आहे. दारूबंदी कायद्यातही सार्वजनिक जागी नशेत गोंधळ घालणे हा गुन्हा आहे. पुन्हा पुन्हा हातभट्टी लावणाऱ्याकडून चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेता येते. मारहाण होत असेल तर ११२ किंवा १८१ ला फोन करा, आणि ‘त्याची तपासणी करा, त्याचा कागद करा’ हे ठासून सांगा. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून अडू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून प्रत्येक बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो.

आमच्या गटाने सध्या एवढेच ठरवले आहे. बाजारच्या दिवशी घरातला माणूस पिऊन असेल तर गाडीची चावी काढून घ्यायची आणि त्याला दुसऱ्या कुणाच्या मागे बसवून आणायचे. भांडण होईल, शिव्या मिळतील. एकटीला जमणार नाही, म्हणून शेजारणीला सोबत घ्यायची.

आमची सखी शेवटी म्हणाली, ‘मला आता काही मिळायचं नाही. पण हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तर त्या रात्री मी चावी लपवली असती.’ तिच्या सांगण्यावरूनच हा भाग आम्ही केला.

बैठकीत बोलण्यासाठी:
• तुमच्या गावात दारूच्या नशेतल्या कुठल्या गुन्ह्याला लोक ‘सोडून द्या’ म्हणतात?
• जवळच्या रुग्णालयात रात्री रक्त तपासणीसाठी डॉक्टर असतात का? जाऊन विचारा.
• मतदारयादीत तुमच्या गटातल्या सगळ्यांची नावे आहेत का?